कार्डाची पाठ

मुलांच्या वाचनालयातल्या कार्डाला दोन बाजू होत्या. पुढच्या बाजूला मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, घरच्या माणसाची सही आणि नेलेल्या पुस्तकांचे क्रमांक. मागची बाजू छापखान्याने कोरी सोडली होती. तिथे बाई पेन्सिलीने लिहायच्या. वर बारीक अक्षरात एकच शब्द, ‘शेरा’, आणि त्याखाली दोन-तीन छोटी वाक्यं.

बाई म्हणजे तिथल्या ग्रंथपाल. तेहेतीस वर्षं त्या एकाच टेबलामागे बसत होत्या. मूल समोर आलं की त्या कपाटातल्या खणातून कार्ड काढायच्या, मान वळवून पाठ वाचायच्या आणि मग टेबलावर ठेवताना त्यांचं मनगट असं काही फिरायचं की पुढची बाजू वर आणि पाठ टेबलाला चिकटलेली. पाठीवर काय असायचं? ‘पुस्तक नाकाशी धरतो. चष्मा लागला असावा. आईला एकटीला गाठून सांगणे.’ किंवा ‘घरी भांडणं चालू आहेत. बंद होईपर्यंत बसू द्यावे.’ किंवा नुसतंच ‘भुताची गोष्ट देऊ नये, हो म्हणेल तरी.’ मुलांना वाटायचं, आपल्या मनातलं बाईंना आपोआप कळतं. बाई मुलांना तसं वाटू द्यायच्या.

या वाचनालयात भिंगरी लहानाची मोठी झाली होती. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आठ वर्षांची असताना ती कपाटांमधून गरगर फिरायची म्हणून बाईंनी ते ठेवलं, आणि आता ती छत्तिसाव्या वर्षी एका कंपनीत प्रोग्रॅमर होती तरी बाईंच्या तोंडून ते काही सुटलं नव्हतं. वर्षभर दर शनिवारी ती इथे येऊन कार्डं कॉम्प्युटरवर चढवत होती. पुढची बाजू झाली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “पाठ पण घे. उद्या मी नसले तर पुढच्या बाईला कळायला नको का, कोण कसं आहे ते?” म्हणून तिने पाठही घेतली. नाव, जन्मतारीख, पत्ता असे एकापुढे एक रकाने, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. एका मुलाची एक आडवी ओळ.

कार्डं चढली, आता पुढचं काम होतं ते पालकांच्या फोनचं. आपल्या मुलाने कोणतं पुस्तक नेलंय, कधी परत करायचंय, हे घरच्यांना फोनवर दिसायला हवं होतं. फोनने विचारायचं आणि वाचनालयाच्या सर्व्हरने सांगायचं. या विचारण्या-सांगण्याच्या ठरलेल्या पद्धतीला एपीआय म्हणतात. बाईंना हा शब्द कळेना, तेव्हा भिंगरीने त्यांना खिडकी समजावून सांगितली.

“बघा बाई, एक खिडकी आहे. बाहेर फोन उभा. आत तुमची कार्डं. फोन येऊन क्रमांक सांगतो, आतला माणूस कार्ड काढून माहिती बाहेर देतो.”

“आतला माणूस कोण?”

“मी लिहिलेला प्रोग्रॅम. तोही सगळा मी नाही लिहीत. खिडकी उघडायची, कोण आलंय ते बघायचं, उत्तराचं पाकीट करायचं, हे तयार मिळतं. त्या तयार सामानाला लायब्ररी म्हणतात.”

“लायब्ररीत बसून लायब्ररी वापरतेस?”

“आणि ती तुमच्यापेक्षा झटपट कार्ड काढते.”

“काढत असेल. रागावते का?”

“नाही.”

“मग पोरं तिला आठवड्यात गुंडाळतील,” बाई म्हणाल्या. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “बरं, खिडकीतून काय बाहेर जाऊ द्यायचं आणि काय नाही, ते कोण ठरवतं? तुझी ती लायब्ररी?”

“छे. ते मी ठरवते.”

“हां. मग ठीक आहे.”

हे ‘मग ठीक आहे’ भिंगरीला पुढे बरेच दिवस छळणार होतं.

ठरवायचं म्हणजे करायचं काय होतं? फार काही नाही. खिडकीतून बाहेर जाणाऱ्या सात रकान्यांची नावं प्रोग्रॅममध्ये एकेक करून लिहायची होती. पाच मिनिटांचं काम. पण भिंगरीला तेव्हा खिडकी उघडलेली बघायची घाई होती. तिने लिहिलं, ‘या क्रमांकाची अख्खी ओळ दे.’ एका ओळीचा हुकूम, की काम फत्ते. रकाने नंतर निवडू, असं तिने मनाशी म्हटलं आणि दुसऱ्या कामाला लागली. ‘नंतर’ नावाच्या कोनाड्यात प्रोग्रॅमर मंडळी काय काय ठेवून विसरतात, ते त्यांचं त्यांना माहीत.

फोनवरचे पडदे बनवणारा दुसरा एक जण होता. तो दुसऱ्या गावी राहायचा आणि त्याची आणि भिंगरीची गाठ फक्त निरोपांतून पडायची. पडदेवाला सरळ माणूस. खिडकीतून जे येईल ते तो फोनवर नीट मांडायचा. एका बुधवारी त्याचा निरोप आला: ‘शेवटी शेरा म्हणून एक रकाना येतोय. तो दाखवायचा आहे का? बघून सांग.’

भिंगरी तेव्हा कंपनीच्या बैठकीत होती. फोन टेबलाखाली धरून तिने निरोपाची सुरुवात पाहिली, ‘शेवटी’ हा शब्द पाहिला, काम शेवटाला आलं असं समजून खूश झाली, आणि उत्तरादाखल एक पिवळा अंगठा पाठवून दिला.

शनिवारी सकाळी अकरा वाजता वाचनालयात पालकांना बोलावलं होतं. पंचवीसएक माणसं मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. भिंतीवर मोठा पडदा होता. सगळ्यांत पुढे सुतार बसला होता. इथली सगळी बुटकी कपाटं त्यानेच केलेली, त्यामुळे तो आल्यापासून कुणाचा हात कपाटाच्या कडेवरून फिरला की लगेच सांगत होता, “काटा नाही टोचणार. लहान पोरांसाठी आहे ते, चारदा घासलंय.” त्याच्या शेजारी त्याची नऊ वर्षांची मुलगी. तिला तो ढलपी म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायचे. ढलपी दर मंगळवारी यायची, दोन पुस्तकं न्यायची, आणि मोठ्याने वाचायची. तिला मनात वाचता येत नाही असं सगळ्यांना वाटायचं.

भिंगरीने खिडकीची गोष्ट पालकांनाही सांगितली. माणसं हसली. तिला स्फुरण चढलं.

“चला, आता खरंच कार्ड काढू या. कोणाचं काढू?”

“माझं! माझं!” ढलपी उभीच राहिली. “एकसष्ट पुस्तकं झाली माझी!”

भिंगरीने तिचा क्रमांक टाकला. भिंतीवर ढलपीचं नाव आलं, पत्ता आला, पुस्तकांचा आकडा आला, एकसष्ट. त्याखाली एक चौकोन उमटला. चौकोनात तीन ओळी होत्या.

*शेरा: वडिलांना वाचता येत नाही.*
*कार्डावर सही मुलगीच करते.*
*तिच्यासमोर हा विषय काढू नये.*

वाचता येणाऱ्या माणसाला न वाचणं जमत नाही. नजर पडली की अर्थ आत शिरतो, थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. त्या खोलीतल्या पंचवीस माणसांनी ते एकाच वेळी वाचलं, आणि कुणीतरी नळ बंद करावा तशी खोली गप्प झाली. फक्त एकाने वाचलं नव्हतं. तो हसत भिंतीकडे बघत होता.

“एकसष्ट!” सुतार म्हणाला. आकडे त्याला येत होते. मग त्याने चौकोनाकडे बोट केलं. “आणि ते खाली काय लिहिलंय गं? वाच की मोठ्याने, सगळ्यांना ऐकू दे.”

ढलपी भिंतीकडे बघत उभी होती. तिचे कान हळूहळू लाल होत गेले. मग तिने घसा साफ केला आणि रोज वाचायची तशाच खणखणीत आवाजात, न अडखळता म्हणाली, “‘ही मुलगी फार छान वाचते.’”

“बघा!” सुतार मागे वळून म्हणाला. “बघा!”

कुणी बघेना. एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. एका आजोबांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच मांडीवर ठेवले. मागच्या बाकावर दोघं-तिघं आपापल्या फोनवर आपापल्या मुलाचं कार्ड बघत होते, त्यांच्याही चौकोनात काहीतरी होतंच. त्यांतल्या एकीने फोन पालथा घातला आणि मुलाचा हात धरून उठून गेली.

भिंगरीने पडदा बंद केला. तिचं तोंड आपसूक चालू झालं. “फोनच्या बाजूची काहीतरी गडबड आहे. ते काम बघणाऱ्याला सांगते मी. आज इथेच थांबू या.”

फोनच्या बाजूची. हे शब्द तिच्या तोंडून इतक्या सहज गेले, की तिला स्वतःलाच क्षणभर ते खरे वाटले.

माणसं निघून गेल्यावर ती बाईंकडे वळली. आणि वळली ती कशी, तर चिडून. “असलं लिहिता तरी कशाला तुम्ही, बाई? मुलांच्या कार्डावर!”

बाईंनी खणातून ढलपीचं कार्ड काढलं, पाठ वाचली, मनगट फिरलं, कार्ड टेबलावर पडलं. वर नाव, पत्ता, ढलपीने बापाच्या नावाची केलेली वाकडी सही. पाठ कुठेच नव्हती.

“मी तर पाठीवर लिहिलं होतं,” त्या एवढंच म्हणाल्या. “तुझ्या त्या ओळीला पाठ नसते, हे तू मला सांगायला हवं होतंस.” आणि पुस्तकं जागेवर लावायला उठल्या.

भिंगरीने तिथेच बसून पडदेवाल्याला निरोप लिहायला घेतला. रागाचा. ‘तो रकाना दाखवायचा हे तुला कोणी’ एवढं लिहिलं आणि जुने निरोप वर सरकवून पाहिले, पुरावा म्हणून. पुरावा सापडला. ‘बघून सांग.’ आणि त्याखाली तिचा पिवळा अंगठा.

तिने लिहिलेलं पुसलं. बराच वेळ ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग नवा निरोप लिहिला, ढलपीचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, ‘माझी चूक झाली आणि मी ती सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकलली.’ पडदेवाल्याचं उत्तर लगेच आलं, ‘मला वाटलंच होतं विचारून पुन्हा खात्री करावी. मुलीला कसं वाटतंय?’ त्याने रागवायला हवं होतं. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग तिने ते पाच मिनिटांचं काम केलं. ‘अख्खी ओळ दे’ पुसलं आणि रकाने एकेक नावाने लिहिले. बरोबर झालं का हे बघायला एखाद्या कार्डाचा क्रमांक लागतो. दुसऱ्या कुणाचा टाकायचा धीर तिला होईना, म्हणून तिने आपला जुना टाकला. तो तिला अजून पाठ होता. पण घाईत तिने नवा प्रोग्रॅम सुरू करायच्या आधीच विचारलं, आणि खिडकीने जुन्याच सवयीने अख्खी ओळ बाहेर दिली.

*शेरा: चारशे बारा क्रमांकाचं पुस्तक हरवलं म्हणते. दप्तरातून डोकावत होतं. विचारू नये. ठेवू दे.*

ते पुस्तक अजून तिच्या घरी होतं. समुद्रातल्या प्राण्यांचं, रंगीत चित्रांचं. अठ्ठावीस वर्षं ती समजत होती की बाईंना आपण फसवलं. कॉलेजात मैत्रिणींना तिने ही गोष्ट रंगवून सांगितली होती, आणि त्यात बाई नेहमी भोळ्या असायच्या. बाई रोज ती पाठ वाचत होत्या, मनगट फिरवत होत्या, आणि म्हणत होत्या, “आज कोणतं देऊ, भिंगरी?”

तिने नवा प्रोग्रॅम सुरू केला, पुन्हा विचारलं. सात रकाने आले. शेरा आला नाही. कपाटाआडून पुस्तकं सरकवल्याचा आवाज येत होता. तिला तिकडे बघवेना.

मंगळवारी ढलपी आली नाही.

“सर्दीबिर्दी झाली असेल,” भिंगरी फोनवर म्हणाली.

“असेल,” बाई म्हणाल्या. त्यांनी दोन पुस्तकं टेबलाच्या कडेला काढून ठेवली होती. पुढच्या मंगळवारीही ती तिथेच होती. त्याच्या पुढच्या बुधवारी भिंगरीने कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी सुताराच्या कारखान्याचा रस्ता धरला.

वाटेत तिने बोलणं जुळवून ठेवलं होतं. ‘दादा, तांत्रिक अडचणीमुळे थोडा गैरसमज झाला.’ छान वाक्य होतं. त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं.

कारखाना म्हणजे लांबट खोली. एका भिंतीला फळ्या टेकवलेल्या, जमिनीवर घोट्यापर्यंत भुसा. सुतार एका फळीवर रंधा मारत होता. कानामागे पेन्सिल. भिंतीवर पेन्सिलीनेच काढलेल्या खुणा होत्या, रेघा, फुल्या, छोटी चित्रं. एका रेघेपुढे खुर्ची, एकीपुढे पलंग. कोणाचं काय माप, ते त्याने स्वतःच्या लिपीत मांडलेलं होतं.

“या, ताई. बसा. त्या स्टुलावर नको, त्याला तीनच पाय आहेत अजून.”

ती उभीच राहिली. “दादा, ते त्या दिवशी तांत्रिक...”

“तीन ओळी होत्या,” सुतार म्हणाला. रंधा थांबला नव्हता.

“काय?”

“भिंतीवरच्या चौकोनात. मला वाचता येत नाही, मोजता येतं. तीन ओळी होत्या आणि पोरीने वाचली एक. तीही आखूड.” त्याने ढलप्या फुंकून उडवल्या. “आणि कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. छान वाचते म्हटल्यावर माणसं टाळ्या वाजवतात. मग काय होतं त्या तीन ओळींत?”

“तुम्ही तिला नाही विचारलंत?”

“विचारलं. आठवत नाही म्हणते. पोरगी असली हुशार, की आठवत नाही म्हणताना रडते.” आता त्याने रंधा खाली ठेवला. “तुम्ही वाचा. तुमच्याकडे असेल की त्या फोनमध्ये.”

भिंगरीकडे फोनमध्ये ते नव्हतं. पाठ होतं. जुळवून आणलेलं वाक्य घशातून परत खाली गेलं. तिने भुशाकडे बघत तिन्ही ओळी म्हटल्या. दुसऱ्या ओळीला आवाज बारीक झाला, तेव्हा सुतार म्हणाला, “मोठ्याने, ताई. माझी पोरगी बघा कशी वाचते.” तिने पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या.

सुताराने कानामागची पेन्सिल काढून ती हातात फिरवली.

“बाईंनी लिहिलंय?”

“हो. पण त्यांनी कार्डाच्या पाठीवर लिहिलं होतं. भिंतीवर आणलं ते मी. फोनवाल्याची काही चूक नव्हती, तसं मी खोटं बोलले. त्याने मला विचारलं होतं, हा रकाना दाखवायचा का. मी हो म्हटलं.”

“का म्हटलं?”

“वाचलंच नाही मी. नुसता अंगठा पाठवला.”

“अंगठा?”

तिने फोन काढून दाखवला. सुताराने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. तो पिवळा अंगठा त्याला वाचता आला.

“न वाचता अंगठा दिलात,” तो सावकाश म्हणाला. “तुम्ही?”

“हो.”

“मला आयुष्यात लोकांनी पुष्कळदा म्हटलंय, घे रे, कर इथे अंगठा, काही नाही त्यात. मी एकदाही केला नाही. आधी बायकोकडून वाचून घ्यायचो, आता पोरीकडून घेतो. सगळं वाचून झालं की मग तिला सांगतो, कर माझ्या नावाची सही.” त्याने फोन परत दिला. “तुम्हाला तर येतं की हो वाचता.”

तो ओरडला नाही. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. भिंगरीला वाटलं, याने शिवी दिली असती तर ती आपण घरी तरी नेली असती. या वाक्याला धरायला कुठे जागाच नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचीही तिला लाज वाटली, कारण रडायचा हक्क या खोलीत तिचा नव्हता.

“माफ करा, दादा,” ती म्हणाली.

“मला लाज वाटायची ती वाटून झाली. जुनी आहे ती, सवय आहे,” सुतार म्हणाला. “पण पोरगी येत नाही ती माझ्यामुळे नाही. ती बाईंना घाबरते. बाईंसमोर खोटं वाचलं ना तिने. म्हणते, बाई आता मला पुस्तक नाही देणार. एकसष्टवर थांबली पोरगी माझी.”

“बाईंनी दोन पुस्तकं काढून ठेवलीत तिची. अजून टेबलावर आहेत.”

“ते मी सांगितलं तर नाही पटणार तिला. मला ती खुळ्यात काढते.” त्याने पुन्हा रंधा उचलला. “तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ना, फोनची गडबड म्हणून? मग आता सगळ्यांसमोर खरं लिहा. लिहिलेलं असलं की ढलपी मानते.”

सोमवारी संध्याकाळी वाचनालयाच्या दारावर एक कागद लागला. हाताने लिहिलेला.

*पालकांनो, त्या शनिवारी तुमच्या फोनवर आणि भिंतीवर जे दिसलं, ते दिसायला नको होतं.*
*ते बाईंनी मुलांच्या भल्यासाठी, फक्त स्वतःसाठी लिहिलं होतं.*
*ते बाहेर आलं माझ्या चुकीमुळे. फोनचं काम करणाऱ्याची त्यात चूक नव्हती.*
*मला विचारलं गेलं होतं आणि मी न वाचता हो म्हटलं.*
*आता ते बंद केलं आहे. तरी ज्यांना लागलं त्यांचं लागणं परत घेता येत नाही.*
*त्या दिवशी भिंतीवर जे होतं ते सोडून जिने वेगळं वाचलं, तिच्यावर कोणी रागावलेलं नाही.*
*तिची दोन पुस्तकं टेबलावर आहेत.*

खाली भिंगरीची सही होती, खऱ्या नावाची.

मंगळवारी ती रजा काढून टेबलाशेजारी बसली. आल्या आल्या तिने बाईंना समुद्रातल्या प्राण्यांचं पुस्तक दिलं होतं. बाईंनी क्रमांक पाहिला, चारशे बारा, कोपरे दाबून सरळ केले आणि म्हणाल्या, “बराच वेळ वाचलंस.” बस, तेवढंच. भिंगरीने मान वर केली नाही.

चार वाजता दाराबाहेर आवाज आला. सुताराचा.

“वाच.”

ढलपी वाचायला लागली. आधी पुटपुटत, मग नेहमीसारखी, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. प्रत्येक ओळीला सुताराचं एक बोट उघडत होतं, ते दाराच्या काचेतून दिसत होतं. ‘न वाचता हो म्हटलं’ हे वाक्य तिच्या आवाजात ऐकताना भिंगरीने टेबलाची कड धरून ठेवली. पाचव्या ओळीला एक हात संपला. सहाव्याला ढलपी थांबली, मग म्हणाली, “बाबा, हे माझ्याबद्दल आहे.”

“पुढचं वाच.”

“‘तिची दोन पुस्तकं टेबलावर आहेत.’”

“किती झाली?”

“सात.”

“कागदावर किती आहेत?”

जरा वेळाने उत्तर आलं. “सातच.”

दार उघडलं. ढलपी दारातच घुटमळली. बाईंनी खणातून तिचं कार्ड काढलं, पाठ वाचली, मनगट फिरलं. कार्ड टेबलावर पडलं, पुढची बाजू वर. “बासष्ट आणि त्रेसष्ट,” बाई म्हणाल्या. “की एकच नेणार आहेस?”

“दोन्ही,” ढलपी म्हणाली, आणि पळत आली.

सुतार तिच्यामागून आला. जाता जाता त्याने सवयीने कपाटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. टेबलापाशी आल्यावर त्याने कार्डाकडे बोट केलं आणि बाईंना म्हणाला, “ते मागचं खोडू नका. खरं आहे. असंच पालथं ठेवा फक्त.”

मग त्याने भिंगरीकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, पण विसरही नव्हता.

“लावायच्या आधी वाचलात का कागद, ताई?”

“चारदा,” भिंगरी म्हणाली.

“मग झालं,” सुतार म्हणाला, आणि बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन पुस्तक ऐकायला बसला.